म्हातारा पाऊस

(मठाच्या वर्धापन महोत्सवात, आषाढ वद्य पक्षात, वृद्ध भक्तमंडळींच्या मेळाव्यापुढे केलेले भाषण)

समोर बसलेल्यांत सत्तरीच्या आतले फारच थोडे दिसतात आणि माझी तर अजून चाळिशीही आलेली नाही. तेव्हा उपदेशाचा प्रश्नच उद्भवत नाही. पाठशाळेत मुलांना रूपे घोकवून घेणे हा माझा नित्याचा उद्योग. परंतु गेली दोन वर्षे चातुर्मासात दुपारच्या वेळी धर्मशाळेत जे काही चालते, त्याविषयी कित्येकांनी कुतूहलाने, आणि काहींनी किंचित नाराजीनेही, विचारणा केली आहे. त्याचा हिशेब द्यावा एवढ्यासाठीच हे बोलणे आहे.

आज सूर्य पुष्य नक्षत्रात आहे. आपल्याकडील शेतकरी या दिवसांतील पावसाला 'म्हातारा पाऊस' म्हणतात. त्याच्या आधीचा पुनर्वसूचा, तो 'तरणा पाऊस'. या दोन नावांवरूनच आमच्या दुपारच्या बैठकीचा आरंभ झाला, तो कसा ते प्रथम सांगतो.

चातुर्मासासाठी धर्मशाळेत उतरणारी मंडळी बहुधा वयोवृद्ध असतात. दुपारचा प्रसाद झाला की सायंकाळच्या प्रवचनापर्यंत तीन-चार तास मोकळे. बाहेर संततधार, अंगणात निसरडे, मंदिरात जावे तरी कोणाचा तरी हात धरावा लागतो. या वेळात काहीतरी वाचून दाखवावे अशी आज्ञा मला झाली. मी मोठ्या उत्साहाने वाचीत असे आणि मंडळी तितक्याच मनोभावे पेंगत असत. त्यात त्यांचा दोष नव्हता. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, त्यांतील निम्म्यांना कमी ऐकू येणारे, अशी ती बैठक होती. एके दिवशी असा काही अंधार करून पाऊस आला की वीज गेली आणि पोथीवरचे अक्षर दिसेना. पोथी मिटून मी सहज विचारले, "हा पाऊस कोणता म्हणायचा?"

कोपऱ्यात एक आजी बसत असत. विस्मरणाने त्यांना ग्रासले होते. सकाळी कोणाशी बोललो हे दुपारी आठवत नसे, कित्येकदा मुलाचे नावही आठवत नसे, आणि त्या लाजेने त्या बोलण्याचेच टाळीत. त्या आजी म्हणाल्या, "तरणा. पुनर्वसू लागला नव्हे का?" आणि कोणी न विचारता त्यांनी रोहिणी, मृग, आर्द्रा येथून थेट स्वातीपर्यंत सगळे पाऊस ओळीने म्हणून दाखविले, एकही न चुकता. आश्लेषांचा 'आसळका', मघांचा 'सासूंचा', पूर्वांचा 'सुनांचा', उत्तरांचा 'रब्बीचा', हस्ताचा 'हत्तीचा'. मग कोण झोपतो? सासूंच्या पावसावर सुना बोलल्या, सुनांच्या पावसावर सासवा बोलल्या. बैलहोंगलकडील एका काकांनी कानडीतील नावे सांगितली: आर्द्रेचा तो 'आरिद्रा', पूर्वेचा तो 'हुब्बा', चित्रेचा तो 'चित्ता'. त्या दिवशी सायंकाळच्या घंटेपर्यंत कोणी उठले नाही.

तेव्हापासून दररोज एक-दोन प्रश्न मी काढतो आणि मंडळी त्यांची उत्तरे देतात. पुष्कळदा उत्तर माझ्यापाशी नसते, त्यांच्यापाशी असते. यावर आक्षेप असा आला की, मठात येऊन पाऊसपाण्याच्या गप्पा कशाला? नामस्मरण करावे. आक्षेप घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु ज्या शास्त्रांचे आम्ही पाठशाळेत अध्ययन करतो, त्यांनी पावसाला कधी क्षुद्र विषय मानलेले नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात धान्यकोठाराच्या ठिकाणी पाऊस मोजण्यासाठी एक हात रुंदीचे कुंड ठेवावयास सांगितले आहे. देशोदेशीच्या पावसाची मापेही त्याने द्रोणांत दिली आहेत. रुक्ष जांगल प्रदेशाला १६ द्रोण, पाणथळ प्रदेशाला त्याच्या दीडपट, अवंतीला २३ द्रोण. अपरान्तापाशी, म्हणजे आपल्या कोकणापाशी, आल्यावर मात्र त्याने आकडा दिलेला नाही. तेथे तो 'अमित' म्हणतो, म्हणजे ज्याला माप नाही असा. एवढा काटेकोर मनुष्य कोकणच्या पावसापुढे हात टेकतो, हे सांगितले तेव्हा सावंतवाडीकडील एका आजोबांनी मिशीवर ताव दिला, जणू तो पाऊस त्यांनीच पाडला होता.

येथे आमच्यात एक भांडण उभे राहिले, आणि ते अद्याप मिटलेले नाही. धर्मशाळेत आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही टोकांची मंडळी शेजारी शेजारी झोपतात. एक खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या बाजूची, दुसरी अथणीकडची. अथणीकडे वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक देवाचे आभार मानतात. बेळगाव शहरात सुमारे १३०० मिलिमीटर पडतो. पश्चिमेकडे घाटमाथ्यावर जावे तसा तो कित्येक पटींनी वाढतो आणि आंबोलीस सात हजारांच्या घरात जातो. एवढ्याशा अंतरात एवढा फरक पडण्याचे कारण सह्याद्रीची भिंत. समुद्रावरून आलेला दमट वारा डोंगराला अडून वर चढतो, वर गेल्यावर निवतो आणि आपले ओझे तेथेच टाकतो. पलीकडे उतरताना तो पुन्हा उबदार व कोरडा होतो. म्हणून पूर्वेच्या वाट्याला उरलेसुरले. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून पश्चिम समुद्राला मिळते. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेल्या पाण्याला दोन समुद्र. अथणीच्या मावशी एवढे सगळे शांतपणे ऐकून म्हणाल्या, "तुमच्याकडे पाऊस घरजावई, आमच्याकडे पाहुणा. पाहुण्याचा मान मोठा." यावर कणकुंबीकरांना आजतागायत उत्तर सुचलेले नाही.

मोठे आकडे ऐकण्याची आवड सर्वांनाच असते. मेघालयातील चेरापुंजीस ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मनुष्याच्या उंचीच्या भाषेत बोलायचे तर पंधरा माणसे एकावर एक उभी करावी लागतील. आणि त्याच चेरापुंजीत हिवाळ्यात बायका पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करतात, कारण उतारावरून ते सारे वाहून जाते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरातील कुलाब्यास केवळ ७४. ज्यांची मुले त्या वेळी मुंबईस होती त्यांनी त्या रात्रीच्या हकीकती सांगितल्या. त्या दिवशी प्रश्नोत्तरे झालीच नाहीत.

मोजमापावरून आठवले. 'पाऊस इतके मिलिमीटर पडला' म्हणजे नेमके काय, हे आमच्यातील कित्येक शिकलेल्यांनाही सांगता आले नाही. जमिनीवर पडलेले पाणी वाहून न जाता, न मुरता तसेच राहिले असते तर किती उंच चढले असते, तो हा आकडा. एक मीटर लांब-रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मठाचे पुढचे अंगण दहा मीटर लांब-रुंद धरले, तर वर्षभरात त्यावर सुमारे एक लाख तीस हजार लिटर पाणी पडते. हे ऐकून कारभाऱ्यांनी पागोळ्यांचे पाणी विहिरीकडे वळविण्याचा विषय काढला, एवढा एक व्यावहारिक लाभ आमच्या गप्पांतून झाला खरा.

त्यानंतर मी विचारले, "पावसात एक रुंद पातेले आणि एक अरुंद डबा, दोन्ही सरळ काठांचे, शेजारी शेजारी ठेवले, तर कशात पाणी अधिक उंच चढेल?" मंडळीत सरळ दोन तट पडले. पातेल्याचे तोंड मोठे म्हणून पातेलेवाले, डबा अरुंद म्हणून डबेवाले. प्रयोग करून पाहिला. दोहोंतही उंची सारखीच. तोंड मोठे तर पाणी अधिक येते हे खरे, परंतु ते पसरतेही तितक्याच जागेवर. मात्र तांब्या ठेवला तर फसगत होते, कारण त्याचे तोंड लहान आणि पोट मोठे. तेव्हापासून धर्मशाळेच्या अंगणात सरळ काठाचा एक तांब्याचा डबा ठेवलेला असतो. रोज सकाळी काकडआरतीनंतर त्यातील पाणी पट्टीने मोजून वहीत लिहितात. पाळी लावलेली आहे. आपली पाळी चुकली म्हणून रुसवे-फुगवेही होतात.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचे प्रकरण आहे. मार्गशीर्षात शुक्ल प्रतिपदेनंतर चंद्र पूर्वाषाढा नक्षत्रात आला म्हणजे आकाशाकडे लक्ष ठेवावे. ढग, वारा, वीज यांची विशिष्ट लक्षणे दिसली तर मेघाला गर्भ राहिला असे समजावे, आणि तेथून १९५ दिवसांनी त्याचा प्रसव, म्हणजे पाऊस. शुक्ल पक्षातील गर्भाचा प्रसव कृष्ण पक्षात, दिवसाच्या गर्भाचा रात्री. साडेसहा महिन्यांचा हा हिशेब ऐकून आजीमंडळी हरखून गेली. मेघही बायकांसारखे दिवस मोजतात, ही कल्पनाच त्यांना फार आवडली. आम्ही मागील मार्गशीर्षात अशा दिवसांवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा केल्या आणि १९५ दिवस मोजून वाट पाहिली. खुणेच्या बहुतेक दिवशी पाऊस आला! मंडळी आनंदली. परंतु एक निवृत्त तलाठी, जन्मभर सातबारा लिहिलेले, ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, खूण नसलेल्या दिवशी किती वेळा आला, तेही मोजा की." मोजले. तेव्हाही बहुतेक दिवशी आलाच होता. आषाढात बेळगावात कोणत्याही दिवशी बोट ठेवा, पाऊस सापडतोच. वराहमिहिरांविषयीचा माझा आदर त्यामुळे तिळमात्र कमी झाला नाही. परंतु परीक्षा कशी घ्यावी हे मी तलाठ्यांकडून शिकलो, हे कबूल केले पाहिजे.

पावसाच्या वाहनांचेही असेच. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहावयाचे, सूर्यनक्षत्रापासून तेथपर्यंत मोजून नवाने भागावयाचे आणि बाकीवरून वाहन ठरवावयाचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले तर ओढ. गणित म्हणून ते फार गोड आहे. वृद्धांनी बोटांवर करावे आणि नातवंडांना शिकवावे. परंतु पाऊस त्या बाकीवर अवलंबून नाही, असे मला वाटते. वाहन सर्वत्र एकच असते, आणि अथणी व कणकुंबी यांच्यातील फरक तर आपण आताच पाहिला.

याहून खोल प्रश्न मृगाचा निघाला, आणि तेथे मला खरोखरच जपून बोलावे लागले. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात जातो आणि त्या सुमारास पाऊस येतो, हे आपण सर्व लहानपणापासून पाहत आलो. म्हणून मृग आणि पाऊस यांची गाठ ब्रह्मदेवाने मारली आहे असे वाटते. परंतु नक्षत्रे मोजण्याचे वर्ष आणि ऋतूंचे वर्ष ही दोन वर्षे तंतोतंत सारखी नाहीत. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते, आणि तिचा एक डोल सुमारे २६,००० वर्षांनी पूर्ण होतो. त्यामुळे नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. पाऊस हा ऋतूंचा चाकर. तो नक्षत्रांना ओळखत नाही. परिणाम असा की मृगाची तारीख दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे जाते.

ही आधुनिकांची कुरापत नव्हे. स्वतः वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहून ठेवले आहे की, पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषांच्या मध्यावर सांगितला आहे, परंतु आपल्या काळी तो कर्कारंभी, म्हणजे पुनर्वसूच्या शेवटच्या चरणाच्या आरंभी होतो. आणि जे प्रत्यक्ष दिसते तेच त्याने स्वीकारले. आज तोच दक्षिणायनारंभ मृगाच्या अखेरीस, आर्द्रांच्या उंबरठ्यावर होतो. आश्लेषा, पुनर्वसू, आर्द्रा: तीन पिढ्यांच्या ग्रंथांतून तो असा मागे मागे सरकताना दिसतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' या ग्रंथात वेदांच्या काळाचा विचार केला, तो याच सरकण्याच्या आधाराने. उलट हिशेब केला तर वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात जात असे तो आजच्या मोजणीने मे महिन्याच्या मध्यास. ज्ञानेश्वरमाउलींच्या काळी मेच्या अखेरीस. तेव्हा 'मृगाचा पाऊस' ही आपल्या पूर्वजांनी केलेली खरी आणि सूक्ष्म नोंद आहे, परंतु ती फार प्राचीन नसावी, अलीकडच्या काही शतकांची असावी, असे माझे अनुमान आहे.

हे ऐकून बैठकीतील एक आजोबा दुखावले. वय ८४, जन्म शेतीत गेलेला. ते म्हणाले, "मग आमचे पंचांग खोटे म्हणायचे का?" क्षणभर मला काय बोलावे ते सुचेना. मी म्हटले, "नाही आजोबा. पंचांग सूर्य कोणत्या ताऱ्यांपाशी आहे ते सांगते, आणि ते खरेच सांगते. पाऊस केव्हा येईल हे त्याला विचारणारे आपण. आपला जन्म झाला तेव्हापासून आजवर मृग एक दिवसाहून थोडा अधिक पुढे गेला, एवढेच." आजोबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "साऱ्या जन्मात एक दिवस? म्हणजे माझ्याच चालीने चालला आहे तो." हशा झाला, आणि गाठ सुटली.

परंतु हशा ओसरल्यावर त्याच आजोबांनी जी हकीकत सांगितली, तिच्यामुळे हा विषय केवळ करमणुकीचा नाही हे मला कळले. काही वर्षांपूर्वी वळवाचा एक जोरदार पाऊस झाला आणि लागोपाठ मृग निघाला. मुलाने पंचांग दाखवून पेरणीची घाई केली. आजोबांचे म्हणणे, थांब. शेतात काठी खुपसून पाहा, ओल वीतभर खाली गेली आहे का? मुलगा म्हणाला, मृगावर पेरले नाही तर केव्हा पेरायचे? पेरले. त्यानंतर तीन आठवडे आभाळ कोरडे. बी उगवून करपले, दुसरे बी उसने आणावे लागले. "मी जोर करून अडवायला पाहिजे होते," आजोबा म्हणाले, "पण म्हातारा बोलतो म्हणजे बडबडतो, असे घरात झाले होते. म्हणून गप्प बसलो." आज शेतीखातेही हेच सांगते की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची कोरडवाहू पेरणी करू नये. वीतभर ओल पाहणाऱ्या आजोबांचे तेच माप होते, फक्त ते मिलिमीटरमध्ये नव्हते. पंचांगाची तारीख मुलाच्या ध्यानात राहिली आणि काठी विसरली. ज्या घरांत अजून अशी काठी खुपसणारे कोणी आहे, त्यांनी त्याला ऐकून घ्यावे, हे मी येथे आलेल्या तरुण मंडळींना उद्देशून बोलतो आहे.

आमच्या प्रश्नांत हलकेफुलकेही पुष्कळ असते. पावसाचा थेंब कसा दिसतो? सगळे बोटांनी आसवाचा आकार काढून दाखवितात, वर टोक, खाली गोल. प्रत्यक्षात लहान थेंब गोटीसारखा गोल असतो, आणि मोठा थेंब खालून हवेच्या दाबाने चपटा होतो, वरून फुगीर. पाच-सहा मिलिमीटरहून मोठा झाला की तो फुटतोच. संध्याकाळचे इंद्रधनुष्य कोणत्या दिशेला? पूर्वेला, कारण सूर्य आपल्या पाठीशी असावा लागतो. मग भर दुपारी ते का दिसत नाही? सूर्य सुमारे ४२ अंशांहून वर चढला की ते क्षितिजाखाली जाते. मृगात निघणारा लाल मखमली किडा, ज्याला संस्कृतात इंद्रगोप म्हणतात, त्याला पाय किती? सहा असे उत्तर येते. मोजले तर आठ, म्हणून शास्त्रज्ञ त्याला कीटकच मानीत नाहीत, कोळ्याच्या गोतातला समजतात. हे पटेना म्हणून एका काकांनी नातवाकडून एक इंद्रगोप काडेपेटीत मागवून घेतला आणि भिंग लावून मोजला. मोजून झाल्यावर तुळशीपाशी सोडून दिला, हेही सांगितले पाहिजे.

विजेच्या बाबतीत मात्र मी थट्टा होऊ देत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील त्यांस तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. आजी घड्याळ कुठून पाहणार? त्या नामजपाने मोजतात. एक 'श्रीराम' म्हणजे एक सेकंद, हे आम्ही घड्याळ लावून ठरवून घेतले. तीस नामांच्या आत गडगडाट आला की अंगणातले सर्वांनी आत यायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही, असा धर्मशाळेचा नियमच झाला आहे. झाडाखाली तर कधीही उभे राहावयाचे नाही. आमच्यातील एका मावशींचे यजमान शेतात आंब्याखाली आडोशाला थांबले असता गेले. ज्या दिवशी हा हिशेब शिकविला, त्या दिवशी त्या मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच हट्टाने आपल्या गावच्या भजनी मंडळाला तो शिकविला. नामस्मरण करावे असे जे म्हणतात, त्यांना मी एवढेच सांगेन की ते चालूच आहे.

आणखी एकच सांगतो, कारण तो प्रश्न माझ्या स्वतःच्या विषयातला आहे. पाण्याला वास नाही, मग पहिल्या पावसाला वास येतो तो कोणाचा? न्यायशास्त्र म्हणेल, गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण, पाण्याचा नव्हे. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या वासाचा शोध घेतला, तो असाच जमिनीपर्यंत जाऊन पोहोचला. तापलेल्या मातीत व दगडांत साठलेली वनस्पतींची तेले, आणि मातीतील सूक्ष्म जंतू निर्माण करतात ते एक द्रव्य, यांचा तो वास. थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा बारीक हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तो वास उधळतात. उत्तर प्रदेशातील कनौजला तर भाजलेल्या मातीपासून हाच वास अत्तरात उतरवितात. हे सांगून झाल्यावर मी विचारले, लाल मातीचा आणि काळ्या मातीचा वास निराळा असतो का? पुन्हा खानापूर आणि अथणी! दोन्हीकडची माती मागविण्यात आली. दोन ताटांत पसरून उन्हात तापवून तिच्यावर पाणी शिंपडले, आणि एका आजोबांना, ज्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, निवाडा करावयास बसविले. त्यांनी दोन्ही ताटे अचूक ओळखली. त्यांना विचारले, कशावरून? म्हणाले, "काळीचा वास जड असतो, तो खाली बसतो." याला शास्त्राधार काय ते मला सांगता येणार नाही. वहीत मात्र लिहून ठेवले आहे.

ज्या आजींनी त्या अंधाऱ्या दुपारी पहिले उत्तर दिले, त्या यंदा आलेल्या नाहीत. त्यांच्या मुलाचे पत्र आले आहे. त्यात लिहिले आहे की, आई आता कोणालाच ओळखत नाही, परंतु पाऊस लागला की खिडकीपाशी बसून नक्षत्राचे नाव विचारते. सांगितले की त्याच्या पुढचे सगळे म्हणते. मुलाने विचारले आहे की, तिने धर्मशाळेत सांगितलेली पावसाची नावे कोणी लिहून घेतली असतील तर कृपया पाठवावीत, तिच्याबरोबर म्हणता येतील. ती यादी, कानडी नावांसह, कालच टपालाने रवाना केली.

पुष्य २ ऑगस्टच्या सुमारास संपेल आणि आसळका लागेल. त्यानंतर सासूंचा. त्या पंधरवड्यात बैठकीला सुनांनीही यावे, असे आजीमंडळींनी मुद्दाम कळविण्यास सांगितले आहे. आज सकाळी महोत्सवाच्या गडबडीत डब्यातील पाणी मोजावयाचे राहिले आहे. पाळी अथणीच्या मावशींची होती. सभा संपताच त्या पट्टी घेऊन जाणार आहेत, आणि कणकुंबीकरांनी साक्षीला उभे राहावे अशी त्यांची अट आहे.